पाठुंगळीची पेटी

मोटारगाडी आणि मी यांचे नाते आजवर अगदी सरळ होते. दार उघडायचे, आत बसायचे, मुक्काम आला की उतरायचे. चाळिशी ओलांडून सात वर्षे झाली तरी मला गाडी चालवता येत नाही, आणि वर्गात मोरोपंतांच्या आर्या शिकवताना त्यावाचून माझे कधी अडलेही नाही. असा मी इंजिनाच्या पाठीवर बसणाऱ्या एका इवल्याशा संगणकाविषयी दिवाळी अंकात लिहितो आहे, हे पाहून आमच्या विभागातील सहकारी हसतील. हसोत बिचारे. खंबाटकीच्या घाटात, मागे दहा मालमोटारी कर्णे फुंकीत असताना, त्यांची गाडी बसकण मारायला लागलेली नाही.

गोष्ट 2023 च्या दिवाळीची. भाऊबीज उरकली आणि ताईने अंबाबाईचे दर्शन घेऊन यायचे काढले. भावोजी गेल्याला तेव्हा चार वर्षे झाली होती. त्यांच्या मागे आलेल्या पैशांतील काही भाग घालून ताईने 2022 च्या जानेवारीत मुलाला गाडी घेऊन दिली होती. गाडी लहानशी, पांढरी, चारचौघींसारखी. पण आमचा भाचा तिच्याविषयी बोलू लागला की वाटावे, याने पंचकल्याणी घोडीच आणून दारात बांधली आहे. "मामा, नुसतं एक लिटरचं इंजिन आहे, तीन सिलिंडर. पण टर्बो आहे, टर्बो!" मी आपला "वा, वा" म्हणत असे. टर्बो हा गाडीचा एखादा रंग असावा, अशी माझी बरेच दिवस समजूत होती.

ती समजूत त्याने कात्रजच्या बोगद्यापासून शिरवळपर्यंत दूर केली. इंजिन जे जळके वायू सायलेन्सरवाटे बाहेर टाकून देते, त्यांच्या झोताने एक चक्र फिरवायचे. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र, ते बाहेरची हवा ओढून दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून पेट्रोल जास्त जाळता येते, म्हणून जोर जास्त. ही चक्रे मिनिटाला लाख-दीड लाख फेऱ्या मारतात, लहान टर्बोत त्याहूनही अधिक. टाकाऊ धुराकडून काम करून घेण्याची ही युक्ती आल्फ्रेड ब्युखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. तिचे पेटंट 1905 सालचे. आमच्याकडे गोवऱ्या आणि राख यांचा उपयोग करून दाखवणाऱ्या एखाद्या काटकसरी आजीला हे सहज सुचले असते, असे ताई मागच्या सीटवरून म्हणाली.

खंबाटकी लागला. पुण्याहून जाताना तेव्हा घाट चढावा लागे, येताना मात्र बोगदा मिळे. पुढे एक अवजड मालमोटार मुंगीच्या पावलाने चढत होती. भाच्याने गिअर बदलला, पाय दाबला आणि गाडी अशी काही उसळली की माझे डोके मागच्या उशीवर आपटले. मालमोटार मागे पडली. मी कौतुकाचे दोन शब्द बोलणार, तोच पुढून आवाज येऊ लागला. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा. दोन-तीन क्षण. मग समोर एक पिवळा दिवा लागला आणि गाडीतला सगळा जीव निघून गेला. पाय कितीही दाबा, ती आपली आजाऱ्यासारखी कण्हत चालली. मघाशी मागे टाकलेली मालमोटार आता आमच्या पाठीला नाक लावून कर्णा वाजवू लागली. डाव्या बाजूला कठडा, उजवीकडे डोंगर. ताईने माझा खांदा घट्ट धरला होता. तिची बोटे दुसऱ्या दिवशीपर्यंत जाणवत होती.

कसेबसे माथ्यावर आलो. भाच्याने गाडी बाजूला घेतली, बंद केली, पुढचे झाकण उघडून आत काहीतरी खुडबुड केली आणि परत आला. "हवेचा पाइप जरा सैल झाला होता," तो म्हणाला. गाडी सुरू झाली, चालूही लागली. दिवा मात्र तसाच होता. ताई काही बोलली नाही. साताऱ्यापर्यंत बोलली नाही, कऱ्हाडपर्यंत बोलली नाही. आईचे न बोलणे म्हणजे काय, ते ज्याला आई आहे त्याला सांगायला नको.

कोल्हापुरात शिरताना पंचगंगेच्या पुलावर गुळाचा वास आला. तो खरा आला की मनात आला, सांगता येणार नाही. पण मला दर वेळी येतो. दर्शन झाले. महाद्वार रस्त्यावर मिसळ झाली. इथे मिसळीबरोबर पावाचे जाड तुकडे देतात आणि वर 'कट' वाढायला माणूस सारखा फिरत असतो; नको म्हटले तर त्याला अपमान वाटतो. कोल्हापूर हे मला फार आवडणारे गाव आहे. आम्हा पुणेकरांना वस्तूची किंमत कळते, मुंबईकरांना तिचा उपयोग कळतो, पण वस्तूवर जीव टाकावा तो कोल्हापूरकरांनी. रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा भरवणारे दुसरे गाव मला माहीत नाही. दसऱ्याच्या मिरवणुकीत छत्रपतींची जुनी मेबॅक मोटार निघते तेव्हा माणसे तिच्याकडे ज्या नजरेने पाहतात, ती नजर मी फक्त खासबागेत पैलवान आखाड्यात उतरताना पाहिली आहे.

माझा एक जुना विद्यार्थी तिथे मास्तर आहे. दिव्याची हकीकत ऐकून त्याने आम्हाला शिवाजी उद्यमनगरात एका मेस्त्र्याकडे नेऊन सोडले. उद्यमनगर म्हणजे लोखंडाचा बाजार. एका दुकानात लेथ फिरतो आहे, दुसऱ्यात ओतकामाचे कच्चे भाग रचून ठेवले आहेत, तिसऱ्यात कोणी कानशीने काही घाशीत बसले आहे. पिढ्यान्‌पिढ्या इथल्या लोकांनी शेतावरची ऑइल इंजिने उघडली आणि मिटली. मेस्त्री साठीच्या घरातले. कपाळाला बुक्का, अंगात खाकी डगला. त्यांच्या हातात पाना असेल असे मला वाटले होते. होता तो लॅपटॉप.

त्यांनी झाकण उघडले, दोन मिनिटे आत पाहिले आणि एक काळी, काड्यापेटीच्या दोन पेट्यांएवढी डबी वायरसकट बाहेर ओढून भाच्यापुढे धरली.

"पावणं, ह्यो डबा कुणी बसवला?"

भाचा ताईकडे न पाहता म्हणाला, "मीच. दोन महिने झाले."

"आणि हवेचा पाइप?" ताईने विचारले. बस, एवढेच. उद्यमनगरातले सगळे लेथ एकदम थांबल्यासारखे मला वाटले.

आता ही डबी म्हणजे काय, ते मेस्त्र्यांनी ज्या रीतीने सांगितले त्या रीतीने सांगतो. आजच्या गाडीत इंजिनाचा कारभार एक संगणक पाहतो. त्याला स्वतःला डोळे नसतात. हवेचा दाब किती, ती गरम किती, इंजिन किती फिरते, हे त्याला निरनिराळे सेन्सर कळवतात. ते ऐकून तो पेट्रोल किती सोडायचे, ठिणगी केव्हा पाडायची, आणि टर्बोला किती फिरू द्यायचे ते ठरवतो. पाठुंगळीची पेटी या सेन्सरच्या आणि संगणकाच्या मध्ये जाऊन बसते. इंग्रजीतसुद्धा तिला याच अर्थाचे नाव आहे. मोठ्या संगणकाच्या पाठुंगळी बसलेले पोर. सेन्सर म्हणतो, हवा एवढी आली. पेटी पुढे सांगते, नाही हो, थोडी कमीच आली. संगणक बिचारा धुराची झडप मिटून टर्बोला आणखी पळवतो. जास्त हवा, जास्त जोर, आणि मालक खूश.

"म्हणजे ही दुभाषी झाली," मी म्हणालो. "मुद्दाम चुकीचं भाषांतर करणारी."

"आता कसं बोलला सर!" मेस्त्री खूश झाले. "पण खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं लागतंय. ह्या गाडीला हवेच्या दाबाचे दोन साक्षीदार हाईत. एक आत जायच्या झडपेच्या आधी, दुसरा नंतर. ह्या डब्यानं एकालाच पढवलाय. चढणीला पाय पुरता दाबला की दोघांनी सारखंच सांगायला पायजे. एक म्हणतोय अमुक, दुसरा म्हणतोय तमुक. संगणक काय खुळा न्हाई. त्यानं दिवा लावला आणि जोर काढून घेतला. स्वतःला वाचवलं त्यानं, आणि तुम्हास्नी पण."

"आणि ती मोहरी?" मी विचारले.

त्या प्रश्नावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. संगणकाला वाटते हवा कमी आहे. कमी हवेला ठिणगी जरा आधी पाडायची असते, म्हणून तो ती आधी पाडतो. प्रत्यक्षात हवा असते जास्त. मग ठिणगीने नीट जळत जाण्याऐवजी उरलेले मिश्रण आपले आपणच भडकते आणि दट्ट्यावर हातोडे बसतात. त्यालाच नॉकिंग म्हणतात. मला हे एकदम कळले, कारण आर्येत एक मात्रा आधी पडली तर काय होते ते मी वीस वर्षे सांगत आलो आहे. मात्र तिथे दट्ट्याला भोक पडत नाही. इंजिनाच्या अंगावर हा आवाज ऐकणारा एक सेन्सर असतो. त्याच्या कानामुळेच संगणकाने ठिणगी मागे घेतली. त्यातून टाकीत साधे 91 ऑक्टेनचे पेट्रोल. ऑक्टेनचा आकडा जितका मोठा, तितके पेट्रोल या आपोआप भडकण्याला दाद देत नाही. "कान बरा होता म्हणून," मेस्त्री म्हणाले, आणि पुढचे वाक्य त्यांनी ताईकडे पाहून गिळले.

ताईने ते गिळलेले वाक्य ओळखले. तिने पर्समधून रुमाल काढला, परत ठेवला आणि मुलाला म्हणाली, "मला पाइप सांगितलास, गाडीला हवा सांगितलीस. तुम्हा दोघांत जास्त खोटं कोण बोललं, ते तूच ठरव." भाच्याची मान जी खाली गेली ती चहा येईपर्यंत वर आली नाही. चोवीस वर्षांचा, हिंजवडीत नोकरी करणारा, महिन्याला माझ्याहून अधिक पगार घेणारा मुलगा, पण त्या वेळी तिसरीतला दिसत होता.

मला वाटले, विषय संपला. डबी उकिरड्यात, आम्ही पुण्यात. पण चहाचा पेला खाली ठेवून ताईनेच विचारले, "मेस्त्री, नीट काम करणारी पेटी असते का?"

मी चकित होऊन तिच्याकडे पाहिले. नंतर तिने मला सांगितले, की नाही म्हटले असते तर त्याने पुढच्या महिन्यात दुसरी आणली असती, आणि या खेपेस तिला कळलेही नसते. भावोजींनी पद्मिनी मोटारीचा कार्बोरेटर रविवारी वर्तमानपत्रावर पसरून ठेवला, तर घरात पाऊल ठेवायला जागा नसे. हे वेड कुठून आले ते तिला ठाऊक होते.

मेस्त्र्यांनी कपाट उघडले. आत पाच-सहा पेट्या होत्या. सर्वांत जुनी 'अपेक्सी' या जपानी कंपनीची, छोट्या पडद्याची. जपानी गाड्यांच्या शौकिनांत ही एके काळी घरोघर होती. इंजिनाच्या निरनिराळ्या फेऱ्यांना हवामापकाचा निरोप किती कमी-जास्त करायचा, ते आकडे तिच्यात भरता येत. "लई इमानी पेटी," ते म्हणाले, "पण पेट्रोलचा हिशोब बदलायला जावं तर ठिणगी आपसूक हलायची. एक धागा ओढला की दुसरा उसवतोय." दुसरी एक डिझेल गाडीची. ती इंधननळीतला दाब कमी दाखवते, म्हणून पंप तो वाढवतो. तिसरी भाच्याच्या डबीची थोरली बहीण. अंगावर एक स्क्रू आणि एक ते पाच आकडे.

"हा स्क्रू दिसला की उठून यावं," मेस्त्री म्हणाले. स्क्रूने वाढवलेली हवा सगळीकडे सारखी वाढते. लहान टर्बो इंजिनाला खरा धोका असतो तो खालच्या फेऱ्यांत. गाडी हळू चाललेली, गिअर वरचा आणि पाय दाबलेला, अशा वेळी हवा जादा झाली तर कधी कधी ठिणगी पडण्याच्या आधीच मिश्रण पेटते, आणि ते नॉकिंगपेक्षाही वाईट. म्हणून त्यांच्या मते पेटी अशी हवी, की दर पाचशे फेऱ्यांना, दर दाबाला वेगळा आकडा लिहिता यावा. दोन हजार फेऱ्यांच्या खाली ते एक कणही जादा हवा देत नाहीत. "पैलवानाला खुराक वाढवायचा तो मेहनतीच्या वेळेला. झोपत्या वेळी दोन शेर दूध पाजलं तर पोटच बिघडणार."

मग वायरींविषयी. भाच्याने डबी बसवताना दोन ठिकाणी मूळ वायर सोलून तिथे पीळ मारला होता. ते पाहून मेस्त्र्यांनी जी शिवी दिली ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाही. मूळ गाडीच्याच कपलरमध्ये बसेल अशी जोडणी असलेली पेटी घ्यावी. एकही वायर कापू नये. नव्या काही गाड्यांतले सेन्सर पूर्वीसारखे पाच व्होल्टच्या आत बोलत नाहीत, सरळ आकड्यांच्या भाषेत बोलतात. तिथे जुनी पेटी मुकी. हे घ्यायच्या आधी विचारावे, घेतल्यावर नव्हे. चांगली पेटी गाडीच्या आतली आपसांतली बोलणीही ऐकते. संगणकाने ठिणगी मागे घेतली, की ती स्वतःहून हवेचा हट्ट सोडते.

"आणि ती पेटीच बंद पडली तर?" ताई म्हणाली. "भर घाटात? गाडी आपलं मूळचं खरं ऐकते, की बहिरी होते?"

मेस्त्री तिच्याकडे बघतच राहिले. "आक्का, तीस वर्षं झाली गाड्यांत. पोरं येत्यात, इचारत्यात, किती घोडे वाढतील? ह्यो प्रश्न आजपतूर कुणी इचारला न्हाई." काही पेट्यांत वीज गेली की सेन्सरची तार आपोआप सरळ जोडली जाते, काहींत नाही. त्यांनी कपाटातल्या दोन पेट्या तेवढ्यावरून बाजूला काढल्या. ताई बँकेत अठ्ठावीस वर्षे होती. कर्ज मागायला आलेल्या माणसाला ती हाच प्रश्न विचारत असणार.

मी मधेच माझे एक पांडित्य पाजळले. संगणकाला फसवत बसण्यापेक्षा त्याच्यातले आकडेच का बदलत नाहीत? तसेही करतात, असे कळले. त्याला रीमॅप म्हणतात. ती मूळ पोथीच दुरुस्त करणे होय. काम चोख होते, कारण कुणालाच खोटे सांगावे लागत नाही. पण दुरुस्त करणारा जाणता नसेल तर प्रक्षेप आणि अपपाठ आत शिरतात आणि मूळ शुद्ध प्रत हाताशी नसते. पेटी म्हणजे पोथीला हात न लावता वाचून दाखवताना शब्द बदलणे. ती काढली की पोथी जशीच्या तशी. एकनाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरी शुद्ध केली तेव्हा पाठ पारखायला एकनाथ होते. उद्यमनगरातही शेवटी मुद्दा तोच निघाला. "पेटी कुठली का असंना," मेस्त्री म्हणाले, "बसवून आकडे कोण भरतंय, आणि भरल्यावर गाडीत बसून कोण बघतंय, ते आधी बघा. माझ्याकडं नसलं जमत तर दुसरा हुडका. पण पोष्टानं आलेल्या आकड्यावर गाडी पळवू नका." भाच्याने डबी पोष्टानेच मागवली होती. किंमत नऊ हजार. मेस्त्र्यांनी सुचवलेली पेटी चौपट महाग.

आणि ती त्यांनी विकलीच नाही. गाडीच्या वॉरंटीला दोन महिने होते, ते संपू द्या म्हणाले. प्लग बदलले, हवेची जाळी झटकली, टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीवरचा चिखल धुतला, सोललेल्या वायरी पुन्हा नीट सांधून दिल्या, दिवा घालवला. सातशे रुपये आणि प्लगचे वेगळे. परतताना बोगदा होता, चढण नव्हती. तरी भाच्याने कुठेही पाय दाबला नाही.

पुण्यात आल्यावर मी कायदा वाचला. मोटार वाहन कायद्याचे 52 वे कलम सांगते, की नोंदणीतला तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाहून निराळा होईल असा बदल मालकाने गाडीत करू नये. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते ठासून सांगितले. ही चिमुकली पेटी त्यात कितपत येते यावर मामा-भाच्यांची दोन रविवार जुंपली. तो म्हणे, गाडीचा साचा, रंग, इंजिन सगळे तेच आहे. मी म्हणे, वागणे तेच नाही. माझे समाधान आजही झालेले नाही; माझी गाडी असती तर मी पेटी बसवली नसती. (माझी गाडी असती तर तिला टर्बोही नसता, हे भाच्याचे उत्तर.) ताईने वाद मिटवण्याऐवजी एक अट घातली : विमा कंपनीला लेखी कळवायचे. त्याने कळवले. जादा हप्ता मागितला गेला, तो त्याने आपल्या पगारातून भरला. लपवलेले आता काही नव्हते, एवढे खरे.

जाता जाता सांगतो, हे टर्बोचे कोडकौतुक काही आजचे नाही. 1962 साली अमेरिकेत ओल्ड्समोबिल कंपनीने जेटफायर नावाची टर्बो गाडी काढली. तीत नॉकिंग होऊ नये म्हणून पाणी आणि मद्यार्क यांच्या मिश्रणाची एक टाकी होती. ती भरायला मालक विसरत. मी हे सांगितल्यावर ताईला फार बरे वाटले.

2024 च्या फेब्रुवारीच्या आरंभी आम्ही पुन्हा कोल्हापूरला गेलो. निमित्त किरणोत्सवाचे. त्या दिवसांत मावळतीचे ऊन देवळाच्या दारांतून थेट गाभाऱ्यात येते. देवीपर्यंत त्याची वाट ज्याने आखली त्या गवंड्याला मी मनातल्या मनात नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी पेटी बसली. एकही वायर कापली नाही. टाकीत 95 ऑक्टेनचे पेट्रोल भरले.

गाडी रुळांवर उभी करून तिचा जोर मोजायचे यंत्र, डायनो, मेस्त्र्यांकडे नाही. आमच्या पुण्यात तशी यंत्रे असलेली, 1966 साली स्थापन झालेली एआरएआय ही मोठी संस्था वेताळ टेकडीवर आहे. मी आयुष्यभर त्या कुंपणाशेजारून फिरायला जातो आणि आत काय चालते हे मला या वयात कळले. "माझा डायनो पन्हाळ्याची चढण," मेस्त्री म्हणाले आणि लॅपटॉप मांडीवर घेऊन मागे बसले. मी त्यांच्या शेजारी. ताई पुढे जाऊ लागली तेव्हा भाचा म्हणाला, "आई, तू मागे बैस ना. चाचणी आहे." ती पुढेच बसली.

रस्त्यावर सकाळची वर्दळ तुरळक होती. एका मोकळ्या चढणीला मेस्त्री म्हणाले, "तिसरा गिअर. आता दाबा. बास, सोडा." पडद्यावर रेघा उमटल्या. साडेतीन हजार फेऱ्यांशी ठिणगीची रेघ खाली लचकली होती. म्हणजे त्या कानाने काहीतरी ऐकले होते. आम्हाला काही ऐकू आले नव्हते. गाडी उभी करून त्यांनी तेवढ्याच खणातला आकडा उतरवला. पुन्हा खाली, पुन्हा वर. पुन्हा लचक, पहिल्यापेक्षा लहान. पुन्हा उतरवला. असे पाच वेळा. भाच्याचा चेहरा प्रत्येक वेळी थोडा पडे, कारण प्रत्येक वेळी त्याचे दोन-चार घोडे कमी होत. पाचव्या वेळी रेघ सरळ आली. "हितंच थांबायचं," मेस्त्री म्हणाले. "अजून निघंल," भाचा पुटपुटला. "निघंल की. पण उन्हाळ्यात घाट चढायचाय, का हितंच ऱ्हायचंय?"

वर पोहोचलो. मोरोपंतांचा जन्म या पन्हाळ्यावरचा, 1729 सालचा. मी वर्गात हे इतक्यांदा सांगितले आहे की गडावर आलो की मला उगाच यजमान असल्यासारखे वाटते. ताई तीन दरवाज्याशी कठड्यावर टेकली. भाच्याने झाकण उघडले होते आणि तो मेस्त्र्यांना काही विचारीत होता. तिने त्याला हाक मारली. "दाखव बघू कुठंय ती."

त्याने बोटाने दाखवले. ती वाकली, चष्मा सावरला आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आणि काढायची झाली तर?"

त्याने कपलर दाबून पेटी सोडवली, मूळ जोडणी जागच्या जागी टच्‌कन बसवली आणि गाडी सुरू करून दाखवली. मग परत काढली. परत लावली. तिने त्याला आणखी एकदा करायला लावले, या वेळी घड्याळ बघून. दीड मिनिट लागले.

"चल," ती म्हणाली, आणि पुढच्या सीटवर बसून तिने पट्टा लावला.